रेणू पाहायला शिकवणारी पानं



२०२० साली करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी एक चित्र शेकडो वेळा पाहिलं. राखाडी गोळा आणि त्यावर लाल तुरे. वर्तमानपत्रात, टीव्हीवर, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, सगळीकडे तेच. आज सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारतो. ते तुरे लाल असतात, हे कशावरून?

उत्तर असं की ते लाल नसतातच. तो विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. इतक्या लहान वस्तूला आपण ज्याला रंग म्हणतो तसा रंग असू शकत नाही. चित्रातला लाल हा चित्र करणाऱ्याने निवडलेला रंग आहे. त्यात फसवणूक काही नाही. रेणूंचं चित्र काढायचं तर असे निर्णय घ्यावेच लागतात. अडचण एवढीच, की चित्र पाहणाऱ्याला ते निर्णय दिसत नाहीत. मग ते लिहून ठेवलेले असतात कुठे?

ते असतात मॅन्युअलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या मदतीच्या पानांमध्ये. आपण मिक्सर आणतो, त्याची पुस्तिका खोक्यातच ठेवतो आणि खोकं माळ्यावर टाकतो. सॉफ्टवेअरच्या पानांचं नशीबही बहुतेक वेळा तेच. पण रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही पानं फार मोलाची ठरली. आज त्या पानांचा इतिहास सांगणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या क्षेत्रात सॉफ्टवेअर आली आणि गेली, पण त्यांच्या पानांनी घडवलेली भाषा टिकली. आणि रेणू स्वतः पाहून, तपासून, प्रश्न विचारण्याचा हक्क मूठभरांकडून सगळ्यांकडे आला, त्यात या पानांचा वाटा सॉफ्टवेअरइतकाच आहे.

सळ्यांचं जंगल

सुरुवात करू संगणकाच्या आधीपासून. इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू आणि त्यांचे सहकारी मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाची रचना शोधत होते. हे प्रथिन स्नायूंमध्ये प्राणवायू साठवतं. १९५८ साली त्यांना पहिली, अंधुक रचना मिळाली. तिचं प्रतिरूप त्यांनी प्लॅस्टिसिनचं, म्हणजे मुलं खेळतात त्या मऊ मातीसारख्या पदार्थाचं केलं. ते दिसायचं वेड्यावाकड्या गुंडाळलेल्या आतड्यासारखं. दोन वर्षांनी जास्त स्पष्ट रचना हाती आली. तिचं प्रतिरूप उभं करायला सुमारे २,५०० उभ्या सळ्या लागल्या. एक अँगस्ट्रॉम, म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग, इथे ५ सेंटिमीटर झाला. सळ्यांवर रंगीत चाप लावून कुठे किती इलेक्ट्रॉन दाटलेले आहेत ते दाखवलं, आणि त्या जंगलातून रेणूची साखळी वळवत नेली. या कामासाठी केंड्र्यू आणि मॅक्स पेरूट्झ यांना १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता हे प्रतिरूप पाहायचं तर काय करायचं? केंब्रिजला जायचं. तिथे गेल्यावर कुणीतरी शेजारी उभं राहून सांगायचं, की हा चाप म्हणजे हे, हा वळसा म्हणजे ते. तो सांगणारा माणूस हेच त्या रेणूचं मॅन्युअल होतं. तो नसेल तर पुढ्यात नुसत्या सळ्या.

त्याच काळात मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन काम करत होते. कातडी, हाडं, कंडरा ज्या प्रथिनामुळे मजबूत राहतात त्या कोलॅजेनची तिपेडी रचना त्यांनी आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली ‘नेचर’मध्ये मांडली. पुढे १९६३ साली रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी एक वेगळीच गोष्ट केली. प्रथिनाच्या साखळीतल्या प्रत्येक कडीला दोन कोन असतात. हे कोन वाटेल ते असू शकत नाहीत, कारण काही ठिकाणी अणू एकमेकांवर आदळतात. कोणते कोन चालतील आणि कोणते चालणार नाहीत, याचा त्यांनी एक चौकोनी नकाशा केला. आज जगभर तो रामचंद्रन आलेख म्हणून ओळखला जातो. कुणी नवी रचना मांडली, की तिचे कोन या नकाशावर कुठे पडतात ते तपासतात. हा नकाशा लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

संगणकाच्या पडद्यावर

१९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत एमआयटीमध्ये सायरस लेविन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूचं चित्र पहिल्यांदा संगणकाच्या पडद्यावर फिरवून दाखवलं. नुसत्या उजळ रेषा. फिरवण्यासाठी हाताखाली एक गोल. १९६६ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. वायरींच्या सांगाड्यांना आता पर्याय दिसू लागला होता.

त्याच सुमारास, १९६५ साली, ओक रिज इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत कॅरॉल जॉन्सन यांनी ‘ऑर्टेप’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. स्फटिकातले अणू स्थिर नसतात, थरथरत असतात. ती थरथर किती आणि कोणत्या दिशेला, हे अंड्यासारख्या आकारांनी कागदावर काढून देणं हे ऑर्टेपचं काम. या प्रोग्रॅमची माहिती प्रयोगशाळेच्या एका अहवालात होती. प्रोग्रॅम कसा चालवायचा, कार्डांवर कोणते आकडे कुठे भरायचे, सगळं त्यात. पुढची कित्येक वर्षं जगभरचे स्फटिकशास्त्रज्ञ आपल्या शोधनिबंधाच्या शेवटी या अहवालाचा संदर्भ देत राहिले. थोडक्यात, विज्ञानात फार मोठ्या प्रमाणावर उल्लेख झालेल्या लेखनात एक वापर-पुस्तिका आहे! माळ्यावरच्या खोक्यात न गेलेली.

मग आलं १९७१ साल. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ‘प्रोटीन डेटा बँक’ सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात फक्त ७ रचना होत्या. आज २ लाखांहून अधिक आहेत. या बँकेने रचना लिहून ठेवण्याची एक ठरावीक पद्धत घालून दिली. तेव्हा माहिती पंच कार्डांवर भरत आणि एका कार्डावर ८० रकाने मावत. म्हणून प्रत्येक अणूला ८० रकान्यांची एक ओळ. ३१ ते ३८ या रकान्यांत आडवं अंतर, ३९ ते ४६ मध्ये उभं, ४७ ते ५४ मध्ये खोली. कार्डं इतिहासजमा झाली, पण ते रकाने राहिले. अणूच्या अनुक्रमांकाला पाचच रकाने दिले होते, म्हणून ९९,९९९ च्या पुढे अणू गेले की पंचाईत. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमसारख्या प्रचंड रचना तुकडे करून वेगवेगळ्या फायलींत ठेवाव्या लागत. नवी, ऐसपैस पद्धत बँकेने २०१४ साली मुख्य म्हणून स्वीकारली, तोवर हे चाललं. एकदा लिहून ठेवलेला नियम किती काळ माणसांना बांधून ठेवतो, हेही यातून दिसतं.

पण एक फायदा मोठा झाला. रकान्यांचं वर्णन छापलेलं असल्यामुळे ते वाचून कुणीही त्या फायलींवर चालणारा प्रोग्रॅम लिहू शकत होता. आणि लोकांनी लिहिले.

फ्लॉपीवर आलेला रेणू

१९८० च्या दशकापर्यंत रेणू पडद्यावर फिरवणारी यंत्रं फार महाग होती. एकेका प्रयोगशाळेत एखादंच यंत्र असायचं आणि त्यावर पाळी लावून बसायचं. मॅन्युअल म्हणजे यंत्राशेजारची जाडजूड फाइल. यंत्र जिथे, फाइल तिथे.

या काळात जेन रिचर्डसन यांचं नाव घ्यायलाच हवं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात त्यांनी प्रथिनांच्या रचना हाताने काढायला सुरुवात केली. पिळदार भागासाठी गुंडाळलेली फीत, सरळ पट्ट्यासाठी चपटा बाण, मधल्या जोडांसाठी दोरी. १९८१ साली त्यांचा प्रथिनांच्या शरीररचनेवरचा दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. आज कुठल्याही जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रथिनाचं फितींचं चित्र दिसतं, त्याचं मूळ त्या हातात आहे. प्रत्यक्ष रेणूत फीतही नसते आणि बाणही नसतो.

१९९२ साली जेन आणि डेव्हिड रिचर्डसन या जोडप्याने आणखी एक पाऊल टाकलं. ‘प्रोटीन सायन्स’ या नव्या नियतकालिकाच्या पहिल्या अंकाबरोबर वाचकाला एक फ्लॉपी मिळाली. तिच्यावर रेणूंची ‘किनेमेज’ होती, आणि ती पाहायचा प्रोग्रॅमही. लेखक म्हणतो ते खरं आहे का, हे वाचक आता आपल्या टेबलावरच्या साध्या संगणकावर रेणू फिरवून बघू शकत होता. रेणू आणि त्याबद्दलचं स्पष्टीकरण एकत्र पोचवता येतं, हे यातून दिसलं. केंब्रिजमध्ये शेजारी उभं राहून सांगणारा माणूस आता फ्लॉपीत बसून घरी आला होता.

सगळ्यांसाठी

आणि मग १९९३. या वर्षी रॉजर सेल या तरुण संगणकशास्त्रज्ञाने ‘रासमॉल’ नावाचा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. त्यांनी या कामाची सुरुवात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये विद्यार्थी असताना केली होती आणि पुढे एडिनबरा विद्यापीठात ते वाढवलं. रासमॉल फुकट होता, त्याचा मूळ कोड उघडा होता, आणि तो विंडोज, मॅक, युनिक्स अशा साध्या यंत्रांवर भराभर चालायचा. १९९५ साली सेल आणि जेम्स मिल्नर-व्हाइट यांनी त्यावर निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं, की हे रेणूंचं चित्रण सर्वांसाठी आहे.

पण ‘सर्वांसाठी’ म्हणजे नेमकं काय? प्रोग्रॅम फुकट दिला एवढ्याने होतं का? रासमॉल उघडला की एक काळी खिडकी यायची, आणि शेजारी दुसऱ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची जागा. मेनू अगदी मोजका. खरी ताकद आज्ञांमध्ये. आणि त्या आज्ञा कळणार मॅन्युअलमधूनच. ‘हेल्प’ असं टाइप केलं की प्रोग्रॅममध्येच ती पानं उघडत. वेब नुकतंच पसरू लागलं होतं, तेव्हा तीच पानं वेबवरही आली. ज्याला शेजारी उभं राहून सांगणारं कुणी नाही, अशा दूरच्या कॉलेजातल्या विद्यार्थ्यालाही आता गुरू मिळाला.

त्या पानांतल्या दोन गोष्टी सांगतो, म्हणजे ती किती गरजेची होती ते कळेल.

पहिली गोष्ट ‘सिलेक्ट’ आणि ‘रिस्ट्रिक्ट’ या दोन आज्ञांची. नवशिक्याला दोन्ही सारख्याच वाटतात. ‘सिलेक्ट’ म्हणजे अमुक अणू निवड, पुढची प्रत्येक आज्ञा फक्त त्यांना लागू कर. चित्रात लगेच काहीच बदलत नाही. ‘रिस्ट्रिक्ट’ म्हणजे निवड आणि बाकीचे लपव. पानं न वाचता ‘रिस्ट्रिक्ट’ केलं, की अर्धा रेणू गायब! विद्यार्थी घाबरतो, त्याला वाटतं फाइल बिघडली.

दुसरी गोष्ट मापाची. अणूचा गोळा किती मोठा दाखवायचा, हे ‘स्पेसफिल’ या आज्ञेने सांगायचं. रासमॉल आपली मापं पूर्णांकांत मोजतो आणि त्याचे २५० एकक म्हणजे एक अँगस्ट्रॉम. आता तुम्ही ‘स्पेसफिल १.०’ लिहिलंत, तर गोळ्याची त्रिज्या एक अँगस्ट्रॉम. पण दशांशचिन्ह न देता नुसतं ‘स्पेसफिल १’ लिहिलंत, तर अँगस्ट्रॉमचा अडीचशेवा भाग. गोळा दिसणारच नाही. एका टिंबाचा फरक, आणि तो कळण्याची जागा एकच.

लाल रंगाचे चार अर्थ

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ, रंगाकडे. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने व्याख्यान देताना क्रोके या खेळाचे लाकडी चेंडू वापरून रेणू जोडून दाखवले. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, नायट्रोजन निळा, ऑक्सिजन लाल. पुढे विसाव्या शतकात कोरी, पॉलिंग आणि कोल्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिरूपांनीही ऑक्सिजन लाल आणि नायट्रोजन निळा ठेवला. रासमॉलने तोच रिवाज घेतला, फक्त काळ्या पडद्यावर दिसावा म्हणून कार्बन राखाडी झाला.

म्हणजे रासमॉलमध्ये लाल म्हणजे ऑक्सिजन. बरोबर? हो, पण अणूनुसार रंग दिला तरच. साखळीच्या क्रमानुसार रंग दिला, तर सुरुवातीचं टोक निळं आणि शेवटचं टोक लाल. अमिनो आम्लांच्या प्रकारानुसार दिला, तर ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक ही आम्लधर्मी मंडळी लाल. आणि ‘टेम्परेचर’ या आज्ञेने दिला, तर रेणूचा जो भाग जास्त हलतो, ज्याची जागा जास्त अनिश्चित, तो लाल. एकच रेणू, एकच लाल रंग आणि चार अर्थ. चित्रावरून ते ओळखता येत नाहीत, मॅन्युअल वाचूनच कळतात.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नका. २०२१ साली अल्फाफोल्डचा माहितीसाठा खुला झाला. यात प्रयोगाने नव्हे, तर संगणकाने अंदाज बांधून काढलेल्या प्रथिनांच्या रचना आहेत. पुढच्याच वर्षी त्यांची संख्या २० कोटींच्या वर गेली. या फायलींत प्रत्येक भागाबद्दल संगणकाला किती खात्री आहे, त्याचा आकडा दिलेला असतो. तो कुठे लिहिलाय माहीत आहे? जुन्या फायलींत हालचालीचा, अनिश्चिततेचा आकडा जिथे असायचा, त्याच रकान्यात. पूर्वी आकडा मोठा म्हणजे भरवसा कमी. इथे आकडा मोठा म्हणजे भरवसा जास्त. अगदी उलट! जुन्या सवयीने ‘टेम्परेचर’ रंग दिला, तर सगळ्यात खात्रीचा भाग लाल होतो आणि जणू डळमळीत वाटतो. जो भाग निव्वळ अंदाज आहे, तो थंड निळा, भरवशाचा दिसतो. आणि अल्फाफोल्डच्या स्वतःच्या पानांवर मात्र गडद निळा म्हणजे मोठी खात्री आणि नारिंगी म्हणजे फारच कमी. एखाद्या विद्यार्थ्याने औषधाचा रेणू नेमका त्या अंदाजाच्या भागाला चिकटवून बघितला, तर महिनोन्‌महिने वाया जातील. चूक सॉफ्टवेअरची नाही, फाइलचीही नाही. न वाचलेल्या पानाची आहे.

प्रोग्रॅम गेला, भाषा राहिली

१९९६ च्या सुमारास रासमॉलच्याच कोडवर आधारलेला ‘चाइम’ नावाचा प्लग-इन आला. त्यामुळे रेणू थेट वेब ब्राउझरच्या पानात फिरू लागला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले रोगप्रतिकारशास्त्राचे प्राध्यापक एरिक मार्ट्झ यांनी या साधनाचं सोनं केलं. ‘प्रोटीन एक्सप्लोरर’ नावाचं त्यांचं साधन म्हणजे शिकवणारी पानं आणि पाहायचं यंत्र यांची एक वीण. डावीकडे स्पष्टीकरण आणि बटणं, उजवीकडे रेणू. वाचत जा, दाबत जा, बघत जा.

पण चाइम ज्या जुन्या ब्राउझरवर चालायचा, ते ब्राउझरच काळाआड गेले. पानांतला मजकूर राहिला आणि रेणूची जागा रिकामी झाली. तेव्हा मदतीला आला ‘जेमॉल’. तो जावा भाषेत, मुक्त सॉफ्टवेअर म्हणून, अनेक स्वयंसेवकांनी मिळून बांधलेला. त्याने ठरवून रासमॉल आणि चाइमच्या आज्ञा स्वीकारल्या. ‘सिलेक्ट’, ‘रिस्ट्रिक्ट’, ‘स्पेसफिल’ सगळं तसंच. दशांशचिन्ह नसेल तर २५० एककांचा एक अँगस्ट्रॉम, हेसुद्धा! पुढे ब्राउझरांनी जावालाही दार बंद केलं. तेव्हा सेंट ओलाफ कॉलेजचे बॉब हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी जेमॉलला जावास्क्रिप्टमध्ये नेलं आणि त्याचं नाव झालं ‘जेएसमॉल’. आज्ञा पुन्हा त्याच.

म्हणजे बघा. १९९० च्या दशकात एडिनबरात लिहिलेल्या मॅन्युअलमधलं वाक्य आज मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतं. मधल्या काळात प्लग-इन गेला, ब्राउझर गेले, जावा गेलं. टिकली ती भाषा, कारण ती पानांवर लिहिलेली होती आणि हजारोंनी ती शिकून घेतली होती.

पानं लिहिणारे हात

पुढच्या काळात पानं लिहिण्याच्या दोन रीती दिसतात. एक सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची. तिथल्या प्रयोगशाळेने आधी ‘मिडास’ आणि मग ‘कायमेरा’ हे सॉफ्टवेअर केलं. त्यावरचा २००४ चा निबंध प्रसिद्ध आहे. कायमेराची मार्गदर्शिका सॉफ्टवेअरबरोबरच यायची आणि प्रत्येक खिडकीत मदतीचं बटण असायचं. दाबलं की नेमकं त्याच खिडकीबद्दलचं पान उघडायचं. इंटरनेट नसलं तरी अडायचं नाही. आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांत नेट दिवसातून चार वेळा जायचं, तिथे या गोष्टीची किंमत कळते. आता त्याची जागा ‘कायमेरा-एक्स’ने घेतली आहे.

दुसरी रीत ‘पायमॉल’ची. वॉरन डिलानो यांनी ते २००० साली आणलं. शोधनिबंधातल्या देखण्या चित्रांसाठी ते लवकरच लोकप्रिय झालं. त्याची ‘पायमॉलविकी’ वापरणाऱ्यांनीच लिहिली. कुणाला एखादी गोष्ट जमली, की त्याने ती उदाहरणासह लिहून ठेवायची. २००९ साली डिलानो यांचं अवघ्या ३७ व्या वर्षी निधन झालं. पुढे सॉफ्टवेअरची जबाबदारी एका कंपनीने घेतली, पण वापरणाऱ्यांनी लिहिलेली पानं वाढतच राहिली. एका माणसाच्या डोक्यातलं ज्ञान त्याच्या जाण्याआधी अनेकांनी लिहून ठेवलं असेल, तर ते मागे राहतं.

कोणत्या भाषेत?

आता शेवटचा मुद्दा. तुमच्यापैकी कुणी बडोद्याला ऐकत असेल, कुणी इंदूरला, कुणी बेंगळुरू-हैदराबादला. आपल्या सगळ्यांना तो लागू आहे.

‘सर्वांसाठी’ या शब्दात भाषाही येते. रासमॉलच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश अशा भाषांतले संदेश आले. जेमॉलचे मेनू स्वयंसेवकांनी अनेक भाषांत नेले. स्पेनमधल्या अल्काला विद्यापीठाचे आंखेल एर्राएझ यांनी जेमॉलबद्दल स्पॅनिश वाचकांसाठी खूप लिहिलं. त्यांना इंग्रजी येत होतं. पण आपल्या विद्यार्थ्याने आधी भाषेशी झगडायचं आणि उरलेल्या ताकदीने रेणूशी, हे त्यांना पटत नव्हतं असं त्यांच्या कामावरून दिसतं.

आपल्याकडे या दिशेने एक भरीव काम झालं आहे ते आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे पाठ आहेत. पडद्यावरची अक्षरं इंग्रजीच राहतात, सांगणारा आवाज मात्र भारतीय भाषांत मिळतो, मराठीतही. पाठाची संहिता लिहिलेली असते, म्हणून तिचं भाषांतर करून नवा आवाज देता येतो. आणि ज्या सॉफ्टवेअरवर त्यांनी पाठ केले, त्यात जेमॉल आहे.

ही पद्धत मला शहाणपणाची वाटते. ‘सिलेक्ट’ला मराठी प्रतिशब्द शोधण्यात वेळ घालवायचं कारण नाही, ती यंत्राला द्यायची आज्ञा आहे, तशीच राहू दे. भाषांतर हवंय ते त्यामागच्या अर्थाचं. निवडलं म्हणजे काय झालं, लाल म्हणजे आत्ता काय, हा बंध फाइलमध्ये लिहिलेला होता की दोन अणूंमधलं अंतर पाहून सॉफ्टवेअरने स्वतः काढला. रासमॉल बहुतेक बंध असेच अंतरावरून ठरवतो, आणि तेही पडद्यावर लिहिलेलं नसतं. हे सगळं मराठीत सहज सांगता येतं. त्यासाठी लागतो विषय समजलेला आणि लिहायला बसायची तयारी असलेला माणूस.

मघाशी म्हटलं होतं, रामचंद्रन आलेख लक्षात ठेवा. जेमॉलमध्ये एखादी रचना उघडा आणि आज्ञा द्या: ‘प्लॉट रामचंद्रन’. पडद्यावर तो चौकोन येतो आणि रेणूतली प्रत्येक कडी त्यात एकेक ठिपका होऊन बसते. मद्रासमध्ये १९६३ साली केलेलं काम आज एका आज्ञेचं नाव आहे, आणि मदतीच्या पानावर त्या आज्ञेला स्वतःची नोंद आहे. आपला माणूस त्या मॅन्युअलमध्ये आहे. तिथे आपली भाषाही असायला काय हरकत आहे?

तुमच्यापैकी कुणी रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकवत असाल, शिकत असाल, तर एवढंच करा. तुम्ही वापरता त्या सॉफ्टवेअरमधली एक आज्ञा घ्या. ती काय करते, आणि काय केल्याचा नुसता भास होतो, हे मराठीत एका पानात लिहा. वर्गात वाटा. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते पान मिळेल असं बघा. सॉफ्टवेअर बदलेल. पान राहील.